तळाशी न येणारा वाफसा : पुण्यातील एका गच्चीवरच्या वाफ्याचे प्रकरण

माझी मावशी सातारा जिल्ह्यातल्या एका बागायती गावात वाढली. घरामागे परसबाग, पलीकडे मळा आणि पाटाचे पाणी असे तिचे बालपण गेले, त्यामुळे भाजी कशी लावावी हे तिला कोणी शिकवण्याची गरज कधीच पडली नाही. काका निवृत्त झाल्यावर दोघे पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा तो फ्लॅट त्यांनी घेतला तोच मुळी त्याला लागून असलेल्या मोकळ्या गच्चीसाठी. ही गच्ची म्हणजे खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या झोपण्याच्या खोलीचे छत. या एका गोष्टीचे पुढे महत्त्व आहे, म्हणून ती आधीच नोंदवून ठेवतो.

गच्ची १८ फूट लांब आणि १४ फूट रुंद. दक्षिणेच्या कठड्याला लागून मावशीने मार्च महिन्यात गवंड्याकडून १२ फूट लांब आणि ३ फूट रुंद असा विटांचा वाफा बांधून घेतला. तीन बाजूंना अर्ध्या विटेची भिंत, चौथ्या बाजूला गच्चीचा कठडाच, भिंतीची उंची १५ इंच. तळाशी ३ इंच विटांचे तुकडे, त्यावर ९ इंच लाल माती आणि शेणखत. पाणी जाण्यासाठी तळालगत पाऊण इंची पाइपाचे दोन तुकडे बसवले होते. माती टेम्पोने आली, ती पोत्यांत भरून जिन्याने वर चढवली. गवंडी जाणता होता, खर्चात कुठे काटकसर केलेली नव्हती, आणि गावाकडच्या वाफ्यात जे जे असते ते सगळे त्या वाफ्यात होते.

पहिले तीन महिने वाफा उत्तम चालला. मेथी दहा-बारा दिवसांत वर आली, कोथिंबीर निघाली, मिरचीची रोपे धरली. पुढे निदान करायला उशीर झाला तो या चांगल्या सुरुवातीमुळेच. जूनमध्ये पाऊस लागला आणि तीन आठवड्यांत वांग्याची पाने लोंबू लागली. माती ओली असताना झाड कोमेजते हे पाहून मावशीने कीड शोधली, मूळ कुरतडणारी अळी शोधली, निंबोळी अर्क फवारला. सप्टेंबरात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन फार सौम्यपणे सांगितले, "अहो मावशी, आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आलीय, जरा बघता का?" हिवाळ्यात टोमॅटो लावले, ते काटकुळे वाढले आणि फुलले नाहीत. जानेवारीत मावशीचा मला फोन आला. मी कृषी पदवीधर आहे आणि घरगुती भाजीपाल्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. तरीही हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले, कारण त्यात मावशीच्या चुकांबरोबर माझ्याही दोन चुका आहेत.

वजन

पहिली काळजी झाडांची नव्हती, स्लॅबची होती. वाफ्याचे क्षेत्रफळ ३६ चौरस फूट, म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटर. माती व विटांचे तुकडे मिळून भरण एक फूट, म्हणजे ३६ घनफूट. ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) भाषेत एक-तृतीयांश ब्रासहून थोडे अधिक. पाण्याने भरलेल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण १,८०० किलो धरले, तर नुसते भरणच १,८०० किलोच्या आसपास जाते आणि भिंतीच्या विटा धरल्या की सव्वादोन टन होतात. दर चौरस मीटरला नुसत्या भरणाचे ५४० किलो. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात जो वापराचा भार धरायला सांगितला आहे, तो चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो आहे. गच्चीवर पाणी झिरपू नये म्हणून घातलेला ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा व सिमेंटचा थर, हा स्लॅबच्या स्थायी (कायमच्या) भारात आधीच मोजलेला असतो. वाफा मात्र कोणीही मोजलेला नव्हता.

हे आकडे ऐकून काका गप्प झाले. "इतकं असेल असं वाटलंच नाही रे. पोती एकेक करून वर गेली ना," ते म्हणाले. मला हे वाक्य फार खरे वाटते. घरोघरी गच्चीवर माती चढते ती अशीच, एकेका पोत्याने, आणि एकूण वजन कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. शिवाय उन्हाळ्यात कोरडी असलेली माती पावसाळ्यात पाणी पिऊन जड होते, म्हणजे सर्वांत जास्त भार नेमका तेव्हा पडतो जेव्हा स्लॅब ओला असण्याची शक्यताही सर्वांत जास्त असते.

इमारतीच्या रचनेची पारख असणाऱ्या अभियंत्याला बोलावले. वाफा कठड्यालगत, खालच्या तुळईच्या रेषेत आल्यामुळे तातडीचा धोका नाही, पण पुढच्या पावसाळ्यापूर्वी तो हलवावा, असे त्यांनी सांगितले. गच्चीच्या मधोमध असता तर त्यांचे उत्तर वेगळे आले असते. आपल्या गच्चीवर वाफा बांधण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा एक सल्ला पैसे देऊन घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो. तो एका टेम्पो मातीपेक्षा महाग पडत नाही.

वाफा उकरला तेव्हा

वाफा बांधल्याला १४ महिने झाले होते, तेव्हा मे महिन्यात आम्ही तो मोडला. मोडताना घाई केली नाही. खुरप्याने एका कडेपासून सरळ उभा काप घेत गेलो, म्हणजे माती थरांसकट दिसावी. वरचे पाच इंच ठीक होते: तांबूस, हाताने फुटणारी माती, अधूनमधून शेणखताचे काळे कण. त्याखाली रंग बदलला. माती करडी, निळसर झाक असलेली आणि साबणासारखी गुळगुळीत झाली होती, आणि तिला गटाराकडे झुकणारा आंबट वास येत होता. मे महिन्याच्या उन्हात, वरून दोन दिवस पाणी दिलेले नसताना, त्या थराचा गोळा मुठीत दाबला तर बोटांच्या फटीतून पाणी आले. मिरचीचे एक झाड मी मुळांसकट अलगद उचलले. मुळे खाली गेलीच नव्हती. पाच इंचांवर पोचून ती आडवी वळली होती आणि एखाद्या ताटलीसारखी चपटी, वर्तुळाकार पसरली होती. ताटलीच्या खालच्या बाजूची टोके तपकिरी होऊन कुजलेली होती.

मावशीने ते झाड हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "याला वाफसा कधी आलाच नाही."

या प्रकरणाचे निदान त्या एका शब्दात आहे. वाफसा म्हणजे नुसता ओलावा नव्हे. जमिनीत पाणी आणि हवा ही दोन्ही एकाच वेळी मुळाला मिळतील अशी स्थिती म्हणजे वाफसा. पाऊस पडून गेल्यावर शेतकरी पेरणीसाठी थांबतो तो ओलाव्यासाठी नव्हे, जास्तीचे पाणी खाली उतरून मातीच्या कणांमध्ये हवा शिरावी यासाठी. मूळ श्वास घेते, आणि हवा संपली की पाणी समोर असूनही ते पाणी ओढू शकत नाही. जून-जुलैमध्ये वांगी ओल्या मातीत कोमेजली ती म्हणूनच. कीड शोधण्यात गेलेले दोन महिने त्या वाफ्याचे सर्वांत मोठे नुकसान होते.

पाणी तळाशी का थांबते

मावशीचा प्रश्न रास्त होता: विटांचे तुकडे घातले होते, पाइप ठेवले होते, मग पाणी थांबले का? पाइप मातीने बुजले होते हे खरे, पण ते उघडे असते तरी चित्र फारसे बदलले नसते. हे समजावण्यासाठी मी स्वयंपाकघरातला भांडी घासण्याचा स्पंज आणला. तो बेसिनमध्ये पूर्ण भिजवला आणि आडवा, तळहातावर धरल्यासारखा धरला. पाणी गळाले, मग थेंब थेंब पडले आणि थांबले. स्पंज आता निथळला असे कोणीही म्हणेल. मग मी तोच स्पंज न पिळता लांबीच्या बाजूने उभा केला. लगेच खालच्या कडेतून पुन्हा पाण्याची धार लागली. स्पंज तोच, भोके तीच, पाणीही तेच. बदलली ती फक्त उंची.

मातीचेही असेच असते. बारीक छिद्रांत पाणी धरून ठेवण्याची ओढ असते आणि ते पाणी खाली खेचायला वरच्या पाण्याच्या स्तंभाचे वजन लागते. शेतात मातीचा थर कित्येक फूट खोल असतो, त्यामुळे वरच्या फुटाभरातले पाणी खाली खेचले जाते आणि दोन दिवसांत वाफसा येतो. कुंडीत किंवा गच्चीवरच्या वाफ्यात माती संपते तिथे ही ओढही संपते, आणि तळाशी काही इंचांचा थर कायम पाण्याने भरलेला राहतो. माती जितकी बारीक, तितका हा थर जाड. कुंडी उथळ असली म्हणून तो थर पातळ होत नाही. म्हणून त्याच मातीने भरलेल्या खोल कुंडीत मुळांना वर थोडी तरी हवेशीर जागा उरते, उथळ कुंडीत जवळजवळ काहीच उरत नाही.

आता विटांचे तुकडे. नर्सरीत, घरात, जिथे तिथे कुंडीच्या तळाशी खापऱ्या किंवा विटांचे तुकडे घालण्याची रीत आहे, आणि ती मोडायला माणसे सहज तयार होत नाहीत. परंतु बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळीत तोवर उतरत नाही, जोवर मातीचा सर्वांत खालचा थर पूर्ण भरून जात नाही. म्हणजे तुकड्यांच्या थरामुळे निचरा सुधारत नाही. पाण्याने भरलेला थर तेवढा वर सरकतो. मावशीच्या वाफ्यात ३ इंच तुकड्यांनी खाल्ले, त्यावरचे ४ इंच पाण्याने खाल्ले आणि झाडाला ५ इंच उरले. भोकावर एक जाळीचा तुकडा किंवा एकच खापरी ठेवावी, म्हणजे माती वाहून जात नाही. त्यापलीकडे तुकड्यांचे काम नाही.

मावशी थोडा वेळ त्या उभ्या स्पंजाकडे पाहत राहिली. "म्हणजे वाफा खोल पाहिजे आणि माती भरड पाहिजे. आणि वजनामुळे खोल करता येत नाही." हे तिने माझ्याआधी मांडले. गच्चीवरची बाग या दोन गोष्टींच्या मध्ये अडकलेली असते, आणि त्यातून वाट काढायची तर मातीच बदलावी लागते.

ओल

माती काढल्यावर ओलीचे कारणही उघडे पडले. कठड्याच्या पायाशी सिमेंटची जी गोलाई करतात, जिला गवंडी वाटा म्हणतात, तिला बारीक तडा गेला होता. तडा वाफ्यामुळे पडला की आधीपासून होता हे सांगता येणार नाही. पण ओली माती १४ महिने त्याला टेकून बसली होती आणि कोरडे व्हायला त्या जागेला एक दिवसही मिळाला नव्हता. वाटा फोडून नव्याने केला, ४८ तास पाणी साठवून चाचणी घेतली आणि खालच्या काकूंना बोलावून ती दाखवली. त्यांचे छत काकांनी आपल्या खर्चाने रंगवून दिले. यातून आम्ही एक नियम घालून घेतला आणि तो आजवर पाळला आहे: गच्चीवरची कोणतीही ओली वस्तू कठड्याला टेकणार नाही आणि जमिनीलाही टेकणार नाही. प्रत्येक पिशवी, प्रत्येक बादली लोखंडी घोडीवर, फरशीपासून किमान सहा इंच वर. खालून वारा खेळतो, केरसुणी फिरते, आणि पाणी कुठे जाते ते डोळ्यांना दिसते. साठलेले पाणीही लगेच लक्षात येते, आणि पुण्यात डेंगीच्या डासांचा विचार करता ही काही लहान बाब नाही.

नवी मांडणी

माती निवडण्यापूर्वी आम्ही एक साधी मोजणी केली. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घेतली, तळाला भोके पाडली, काठोकाठ लाल मातीने भरली, पाणी घालून रात्रभर निथळत ठेवली आणि सकाळी वजनकाट्यावर ठेवली: ३६ किलो. तीच बादली हलक्या मिश्रणाने भरून, तशीच भिजवून, निथळून ठेवली: १७ किलो. काकांना हिशोबापेक्षा हा काटा जास्त पटला, आणि मला वाटते तसे ते योग्यच आहे.

मिश्रण घमेल्याच्या मापाने केले: ४ घमेली धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ३ घमेली चांगले कुजलेले कंपोस्ट, २ घमेली भाताचे तूस आणि १ घमेले जुनी लाल माती. कोकोपीट विकत आणताना त्यात क्षार असण्याची शक्यता असते, म्हणून ते भिजवून दोन-तीन वेळा पाण्याने निथळून घेतले. तूस मावळ-भोरकडच्या भात गिरण्यांतून सहज मिळते. त्यात सिलिका भरपूर असल्यामुळे ते लवकर कुजत नाही आणि मिश्रण मोकळे ठेवते. मातीचे एक घमेले मी हट्टाने ठेवले, कारण निव्वळ कोकोपीट एकदा पूर्ण वाळले की पुन्हा पाणी धरायला कुरकुर करते.

वाफ्याऐवजी एचडीपीई प्लॅस्टिकच्या जाड, चौकोनी चार पिशव्या घेतल्या, प्रत्येकी ४ फूट लांब, २ फूट रुंद. भरणाची खोली १० इंच. प्रत्येक पिशवीचे ओले वजन दीडशे-एकशे साठ किलोच्या आसपास येते. चारही मिळून जुन्या वाफ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी. त्या कुठे ठेवायच्या हे अभियंत्यांनी खडूने फरशीवर आखून दिले. टोमॅटोसाठी बादल्या वेगळ्या.

इथे माझी पहिली चूक झाली. चारही पिशव्या पूर्ण मिश्रणाने भरायच्या तर कोकोपीट बरेच लागले असते, म्हणून खालचा अर्धा भाग उसाच्या चिपाडांनी आणि वाळक्या पाल्याने भरावा, असे मी सुचवले. कल्पना नवी नव्हती. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीत उसाची चिपाडे वापरून दाखवली होती. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने घरचा काडीकचरा आणि ऊन यांच्या बळावर थोड्या जागेत पीक घेण्याचा विचार महाराष्ट्रभर पोचवला, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी करून तो विचार शहराच्या मध्यभागी खरा करून दाखवला. चिपाडे तर पुण्यात फुकट मिळतात. कोपऱ्यावरचा रसवंतीवाला पोते भरून आनंदाने देतो. पण काडीकचरा आधी कुजवावा लागतो ही त्या कामातली मधली पायरी मी घाईत गाळली, कारण पाऊस तोंडावर आला होता.

भेंडी (परभणी क्रांती जातीची), मांजरी गोटा जातीची वांगी आणि मिरची जूनच्या पहिल्या आठवड्यात लागली. जुलैच्या मध्यावर मावशीने फोटो पाठवला: सगळी झाडे पिवळी. मी ताबडतोब गेलो. पिवळेपणा कुठून सुरू झाला हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे असते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असत्या तर मी लोहाच्या कमतरतेचा विचार केला असता. इथे खालची, जुनी पाने आधी आणि संपूर्ण पिवळी झाली होती, शेंडा मात्र फिकट हिरवा होता. झाड जुन्या पानांतला नत्र (नायट्रोजन) काढून शेंड्याला पुरवत होते. मुळे उकरून पाहिली तर ती पांढरी, निरोगी आणि खोल गेलेली होती. वाफसा उत्तम होता. उपासमार नत्राची होती.

चिपाडांत कर्ब (कार्बन) भरमसाट आणि नत्र अगदी थोडा असतो. ती कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागतो, तो चिपाडांत मिळत नाही, मग ते आजूबाजूच्या मिश्रणातला उचलतात आणि झाडाच्या आधी जेवून घेतात. पावसाच्या पाण्याबरोबर उरलेला थोडाफार वाहून जातो. चिपाडे शेणकाल्यात भिजवून निदान दीड-दोन महिने ढिगात ठेवली असती तर हे घडले नसते. आता उपाय एकच होता, नत्र वरून देणे. शेंगदाण्याची पेंड १०० ग्रॅम, ५ लिटर पाण्यात चार दिवस भिजवून, दहापट पातळ करून आठवड्यातून एकदा. वासामुळे ते पाणी झाकून ठेवावे लागते, आणि खालच्या काकूंना आधी सांगावे लागते. मावशीने ते सांगितले. तिसऱ्या आठवड्यात नवीन पाने गडद हिरवी निघू लागली. पिवळी झालेली जुनी पाने परत हिरवी होत नाहीत, त्यांची वाट पाहू नये.

सावली

जुन्या वाफ्यात हिवाळी टोमॅटो का फुलले नाहीत, याचे उत्तर मातीत नव्हतेच. मार्चमध्ये वाफ्याची जागा ठरवली तेव्हा तिथे दिवसभर ऊन होते. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, कठड्याची सावली पायाशीच पडते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, तोही दक्षिणेला. कठडा साडेतीन फूट, वाफ्यातली माती एक फूट उंच, म्हणजे मातीच्या वर अडीच फूट भिंत. तिची सावली दुपारी सव्वादोन फूट आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास तीन फूट पडते. वाफ्याची रुंदी तीन फूट होती. हिशोब इतका नेमका जुळला की काकांनी टेप घेऊन तो स्वतः पडताळला. नव्या पिशव्या कठड्यापासून चार फूट सोडून ठेवल्या. कठड्याच्या सावलीत पालक, पुदिना आणि कोथिंबीर उथळ ट्रेमध्ये ठेवली. एप्रिलमध्ये मात्र तीच जागा तापते, तेव्हा ट्रे उचलून न्यावे लागतात. जागा ठरवायला सर्वांत वाईट महिने एप्रिल आणि मे आहेत, आणि बहुतेक जण नेमके सुटीच्या याच महिन्यांत बाग सुरू करतात.

काळे बूड

टोमॅटो २० लिटरच्या बादल्यांत ऑक्टोबरात लावले. डिसेंबरात फळे धरली आणि फेब्रुवारीत, पहिली फळे रंगावर येत असताना, त्यांच्या बुडाशी चपटे, चामड्यासारखे काळे डाग दिसू लागले. कॅल्शियमची कमतरता हे मावशीने कुठेतरी ऐकले होते, म्हणून तिने खाण्याच्या चुन्याची निवळी दिली. फरक पडला नाही. फळाला कॅल्शियम पोचत नाही हे निदान बरोबर होते. मिश्रणात कॅल्शियम नाही हा अर्थ चुकीचा होता. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढते आणि जिथून पाणी जास्त उडते तिकडे, म्हणजे पानांकडे, आधी जाते. मधे चार दिवस दोघे गावी लग्नाला गेले होते. बादल्या वाळल्या, आल्यावर भरपूर पाणी दिले गेले, आणि त्या काळात वाढत असलेल्या फळांच्या टोकांना काहीच मिळाले नाही. मावशीने विचारले, "पेंडीचं पाणी देतेय ना मी अजून, ते चालेल ना?" तेव्हा माझी दुसरी चूक माझ्या लक्षात आली. भेंडी-मिरचीसाठी सांगितलेले पेंडीचे पाणी कधी थांबवायचे हे मी सांगितलेच नव्हते. पेंडीतून आधी अमोनियाच्या रूपातला नत्र मिळतो, तो कॅल्शियमच्या शोषणात अडथळा आणतो आणि झाडाला पानांच्या मागे लावतो.

पेंड बंद केली. बादल्यांच्या तोंडावर चिपाडांचा दोन इंच थर दिला. वर पसरलेली चिपाडे मुळांचा नत्र खात नाहीत, सावली मात्र करतात. पाण्याचे वेळापत्रक काट्यावर बसवले. पूर्ण निथळलेली बादली १७ किलो, अधिक झाडाचे थोडे. ती १३ किलोवर आली की पाणी द्यायचे, १२ च्या खाली कधी जाऊ द्यायची नाही. फेब्रुवारीत ती रोज दीड लिटर घटत होती, एप्रिलमध्ये अडीच. आठवडाभरात मावशीला काट्याची गरज उरली नाही, बादलीची कड एका हाताने उचलूनच ती सांगू लागली. नव्या फळांवर डाग आले नाहीत.

एका वर्षानंतर

मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी भाजीची नोंद ठेवते. त्या नोंदींवरून सांगायचे तर ऑक्टोबर ते मार्च या काळात दोन माणसांना लागणारी पालेभाजी जवळजवळ सगळी घरची होती. मिरची विकत आणावी लागली नाही. वांगी, भेंडी, टोमॅटो आठवड्यातून एक-दोन वेळा. कांदा-बटाटा अर्थातच बाजारातून. चार पिशव्या आणि सहा बादल्यांकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करू नये, आणि बाजारखर्च वाचेल म्हणून तर मुळीच सुरू करू नये. एप्रिल-मेचे पाणी हा मोठा प्रश्न राहतो: दर चौरस मीटरला रोज सहा-सात लिटर. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हा आकडा आधी सांगावा. मावशीने भाजी-तांदूळ धुतलेले पाणी वेगळे साठवणे सुरू केले आणि मे महिन्यात दोन पिशव्या रिकाम्या ठेवल्या.

पिशव्यांतले भरण दहा इंचांवरून सहा-सात इंचांवर बसले होते. चिपाडे कुजून गेली, त्यांची जागा गेली. हे होणारच असते, आणि तेवढीच भर दर वर्षी घालावी लागते, नाहीतर दोन वर्षांत सगळे बारीक होऊन जुन्या वाफ्यासारखेच बसते. या वेळी मावशीने वर्षभराचे घरचे कंपोस्ट आणि मार्चपासून शेणकाल्यात मुरवत ठेवलेली चिपाडे वापरली.

जूनचा पहिला मोठा पाऊस होऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे होतो. मावशीने एका पिशवीत मनगटाच्या बऱ्याच वरपर्यंत हात घातला, तळातून मूठभर भरण वर काढले, दाबले आणि मूठ उघडली. गोळा झाला, बोटाने टिचकी मारताच तो फुटला, हाताला पाणी लागले नाही. तिने तो नाकाशी नेला, मग माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आता भेंडी टोचायला हरकत नाही."